सोलरच्या माळावर बानाबाईची हाळी

दहिवाडीच्या दक्षिणेचा माळ कागदावर कुणाचाही असो, बानाबाई महानवर त्याला आपलाच धरून चालायची. गंगापूर तालुक्यातलं हे गाव. खाली गोदावरीच्या अंगाला ऊस, मधल्या पट्ट्यात कपाशी आणि सगळ्यात वर हा बावीस-पंचवीस एकरांचा मुरमाड माळ. तिथं नांगर लागत नाही, पाणी ठरत नाही. शेतकऱ्याला तो फुकट दिला तरी नको होता, आणि धनगराला नेमका तोच पाहिजे होता.

बानाबाई लग्न होऊन आली ती ह्या माळावर उतरलेल्या वाड्यात. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. एक कापडी पाल, एक घोडं, चार कोंबड्या, जाळीत कोंडलेली कोकरं आणि दीडशेच्या वर मेंढरं, एवढं सगळं मिळून वाडा. तिचा पोरगा शिवशंकर इथंच जन्मला. नाळ कापली ती लोकर कातरायच्या कात्रीनं. हे ती अशा तोऱ्यात सांगायची, जसं दुसऱ्या कुणी सांगावं की आमचं पोरगं मोठ्या दवाखान्यात झालं.

आता साठीला टेकली. अंगानं बाभळीसारखी काटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पायात टायरच्या चपला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वीसच्या पुढं आकडे मोजायचे म्हटलं की कंटाळायची. पण सांजच्याला मेंढरांचं खांड वाड्यावर आलं की एक नजर टाकून सांगणार, "बांडीची धाकटी मागं राह्यली. बघा, वढ्यात असंल." आणि ती ओढ्यातच असायची.

धनगरात कामाची वाटणी ठरलेली. बाप्ये माणसं खांड घेऊन रानात जातात आणि कोकरं राहतात बायांकडं. संध्याकाळी खांड आलं की शंभर आया आणि शंभर लेकरं एकदमच गळा काढतात. त्या कालव्यात कोणतं लेकरू कोणत्या आईचं हे ओळखून तिच्या कासेला लावायचं, हे बानाबाईचं काम. चुकलं तर मेंढी लाथ मारते आणि कोकरू रातभर उपाशी. चाळीस वर्षांत बानाबाईचं दोनदा चुकलं होतं. ते दोन्ही दिवस तिला सणावारासकट पाठ होते.

तिचा नवरा मुंजाबा. त्याचं नाव वेगळ्याच कारणासाठी होतं. खडा मारायला त्याच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही. मेंढरू शेताकडं वळलं की हा जागेवरूनच खडा फेकायचा, आणि तो बरोबर मेंढराच्या नाकापुढं वीतभर अंतरावर पडायचा. मेंढराला लागायचा नाही, कधीच नाही. पुढं धूळ उडाली की मेंढरू आपोआप मागं फिरायचं. उभ्या पिकाच्या बांधावरून दोनशे मेंढरं न्यायची, तीही एका पानाला तोंड लागू न देता, हे ह्या खड्याच्या जोरावर. मुंजाबाला त्याचा मोठा मान वाटायचा.

चार वर्षांखाली माळाला कुंपण पडलं.

अर्धा माळ तात्यासाहेबाचा आणि अर्धा गायरान. तात्यासाहेब म्हणजे गावातला बडा शेतकरी. त्यानं आपला वाटा कंपनीला भाड्यानं दिला, गायरानाचं सरकारनं पाहून घेतलं. ग्रामसभा झाली, चहा झाला, सगळ्यांना विचारून झालं. मेंढरांना विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. सातबाऱ्यावर ऊस लागतो, विहीर लागते, बांधावरचं आंब्याचं झाडसुद्धा लागतं. गवत लागत नाही. मग तारेची जाळी आली, लोखंडी खांब आले आणि त्याच्यावर ओळीनं सोलरच्या प्लेटा चढल्या. बानाबाईच्या भाषेत त्या काचा. महानवरांचा वाडा दिवाळी झाली की नदी ओलांडून परमुलखात जायला लागला. त्या चालीत पहिल्याच साली सतरा कोकरं गेली. काही उन्हानं, काही ट्रकाखाली.

तरी बानाबाई आहे ते नाही म्हणणारी नव्हती. सोलर झाल्यापासून गावातल्या मोटारींना दिवसा लाईट मिळायला लागली होती. त्याच्या आधी आठवड्यातून चार दिवस रात्रीची पाळी असायची. माणसं थंडीत कुडकुडत, हातात बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जायची. पायाखाली दोरी आली का दुसरं काही, ते उचलल्यावर कळायचं. आता तात्यासाहेबाचा गडी सकाळी नऊला मोटार चालू करतो आणि पाचला घरी बसून चहा पितो. धूर नाही, आवाज नाही, डिझेलचा वास नाही. बानाबाई म्हणायची, "काचांनी गावाचं भलं केलं, व्हय. आमचा माळ खाऊन केलं, एवढंच."

तिला खरी चीड वेगळीच होती. ह्या साली फाल्गुनात वाडा गावाकडं परतला तेव्हा ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. बाहेर सगळं रान करपून गेलेलं, मुरमातून नुसत्या झळा. आणि आत, प्लेटांच्या सावलीत, गुडघाभर हिरवं गवत. वरून सावली. त्यात आठ-पंधरा दिवसांनी प्लेटा धुवायचे, ते पाणी खाली ठिबकायचं. गवताला आणखी काय पाहिजे? आत गवत माजलेलं आणि बाहेर मेंढरं जाळीला नाक लावून उभी.

आत दोन गडी मशीननं ते गवत कापत होते. मशीनचं पातं मुरमाला लागलं की खडा उडायचा, आणि काचेवर टण्णकन आवाज व्हायचा. डोक्याला हात लावून तिथं एक पोरगी उभी होती. ती तनुजा, सोलरवरची इंजिनिअर. घर शहरातल्या शहागंजात, बापाचं तिथं कापडाचं दुकान. रोज शहरातून कंपनीच्या गाडीनं यायची.

बानाबाईनं जाळीतून आवाज दिला, "मॅडम, तुमचं मशीन गवत कमी अन् काचा जास्ती कापू राह्यलं."

सोलरचा वॉचमन मोतीराम तिकडून ओरडला, "ए मावशे, तू तुझी मेंढरं बघ!" हा मोतीराम सोयगावकडचा, तोंडाचा फाटका, मनाचा बरा.

"मेंढरंच बघू राह्यले बाबा. ती तुमच्या गवताकडं बघू राह्यली."

तनुजाला हसू आलं. ती जाळीपाशी आली. "मावशी, खरं सांगू? डोकं आऊट झालंय माझं. गवत वाढलं की खालच्या प्लेटांवर सावली पडते, वीज घटते. वाळलं की आगीची भीती. मशीन लावलं की काचा फुटतात. आता वरून आदेश आलाय, औषध मारा. तणनाशक."

बानाबाईचा चेहरा बदलला. "खाली तात्यासाहेबाची हीर हाय. पाऊस झाला का ते औषध कुठं जाईन?"

"तेच मी साहेबांना सांगतेय. ते म्हणतात, दुसरा इलाज सांगा."

"मग सांग ना. मेंढरं सोड म्हणावं."

मोतीराम खो-खो हसला. तनुजा हसली नाही. तिनं एकदा गवताकडं पाहिलं, एकदा मेंढरांकडं. "तारा खातील मावशी."

"तारा शेळी खाती. शेळी खांबावर दोन पाय ठिवून उभी राहती, काचंवर चढून नाचंल ती. मेंढराची मान खाली. त्याला वर आभाळ हाय हेच ठाव नाय. शेळ्या मी भाईर ठिवते."

"आणि अंग घासलं तर?"

"लोकर हाय ती, कानस नाय."

मग कुंपणाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, अशा दोघी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. बानाबाईनं विचारलं, ह्या काचा दिवसभर करतात काय? तनुजानं सांगितलं, ऊन पडलं की त्यातून वीज होते. कोळसा जाळायचा तर तो जमिनीतून उकरावा लागतो, आणि जाळला की संपला, धूर तेवढा मागं राहतो. उन्हाचं तसं नाही. आज कितीही घेतलं तरी उद्या तेवढंच.

बानाबाईनं जरा विचार केला. मग म्हणाली, "म्हंजी कोळशाची लाईट अशी, की मेंढरू कापलं अन् खाल्लं. एक डाव जेवण झालं, खेळ खलास. अन् ही उन्हाची लाईट म्हंजी लोकर कातरल्यावाणी. कातरा, पुन्हा येती. कातरा, पुन्हा येती. मेंढरू जित्तंच."

तनुजा तिच्याकडं बघतच राहिली. "मावशी, मला चार वर्षं कॉलेजात एवढं सोपं करून कुणी सांगितलं नाही."

"कॉलेजात मेंढरं नसतील," बानाबाई म्हणाली.

तनुजानं शहरातल्या ऑफिसात साहेबांपुढं आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी साहेब कबूल झाले, पण अट घालून. मेंढरं पंधरा दिवस आत सोडून पाहा. जिम्मा तनुजाचा. एक प्लेट फुटली की मेंढरं बाहेर आणि औषध आत.

बानाबाईला हे कळलं त्या दिवशी तिनं पुरण घातलं. पंधरा दिवस नीट गेले तर माळ परत मिळणार होता. कागदावर नव्हे, मेंढरांच्या पायाखाली. वाड्याला परमुलखात जायची गरज नाही, कोकरांना ट्रकाखाली यायची गरज नाही. तिला एवढंच पाहिजे होतं, त्याच्यावर इंचभरही नाही.

पहिल्या दिवशी खांड आत नेलं मुंजाबानं. रानातलं काम बाप्याचं, त्यात विचारण्यासारखं काय? बानाबाई कोकरं घेऊन कुंपणाबाहेर राहिली. मुंजाबाला बजावून सांगितलं होतं की खडा मारायचा नाही. त्यानंही मान डोलावली होती. तासभर सगळं झकास चाललं. मेंढरं प्लेटांच्या ओळींत घुसली आणि कपाळ गवतात रुतवून चरायला लागली. मोतीरामनं मोबाईलवर फोटोबिटो काढले.

मग एक मेंढी बाजूच्या खोलीकडं वळली. इन्व्हर्टरची खोली, तिथं जाड तारा. मुंजाबानं ते पाहिलं, आणि पुढचं त्याच्या हातानं केलं. डोक्याला विचारायला हात थांबला नाही. चाळीस वर्षांची सवय ती. हात खाली गेला, खडा उचलला, सुटला. नेम अगदी बरोबर होता. मेंढीच्या नाकापुढं वीतभर. पण माळावर त्या जागी माती असायची, आता तिथं लोखंडी खांब होता. खडा खांबाला लागून वर उडाला आणि प्लेटेवर टण्णकन बसला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग एका जागेवरून बारीक रेघा निघाल्या आणि बघता बघता सगळ्या काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं.

मुंजाबा जागच्या जागी खाली बसला.

मोतीराम धावत आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. "काका, उठा. गप राहा. काल इथं मशीन चाललं होतं, मशीनच्या खड्यानं फुटली म्हणतो मी. कोण बघायला आलंय?"

तोवर बानाबाई कुंपणाच्या दारातून आत आली होती. तिनं काच पाहिली, नवऱ्याकडं पाहिलं, मोतीरामचं ऐकलं. मनात आलं नसेल असं नाही. मोतीराम बोलला ते तिलाही एकदा गोड लागलं. पण पंधरा दिवसांतले चौदा अजून बाकी होते, आणि नवऱ्याचा हात तर तोच होता.

"मोतीराम, तू भल्या मनाचा हायेस," ती म्हणाली. "पण उद्या पुन्हा फुटंल तव्हा कोणतं मशीन दाखवशीन? फोन लाव मॅडमला. मी सांगते."

फोनवर तिनं सरळ सांगितलं, "तनुजाबाई, काच फुटली. आमच्याच खड्यानं फुटली. मेंढराचा काई गुन्हा नाय."

पलीकडून तनुजा म्हणाली, "मावशी, माझा शब्द गेला. साहेब शुक्रवारी येतायत. त्यांना सांगावंच लागेल."

"सांग. पण एवढं बी सांग, की शुक्रवारी माणूस बदलून एक डाव दाखवितो. खडा न मारता. तुझ्या साहेबाच्या डोळ्यादेखत. तव्हा फुटली तर मीच जाऊन औषधाचा पंप पाठीला लावते."

वाड्यावर आल्यावर मुंजाबाचा आवाज फुटला. "माणूस बदलून? कोण माणूस? शिवशंकर?"

"शिवशंकर गंगापुरात कामाला जातो. मी."

"तू?" मुंजाबा हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "आगं, खांड हाकायला खडा लागतो. तोंडाच्या हाळीनं दीडशे मेंढरं वळत्यात व्हय?"

"तुमच्या हाळीनं नाय वळणार."

"अन् तुझ्या?"

"तुमी त्यांना पुढं धूळ उडविली तव्हा ती वळली. भेवानं. माझ्याकडं ती येत्यात कामून, ते कधी ध्यानात आलंय का? त्यातली एकूणएक पहिले दोन महिने माझ्या हाताखाली होती. सांजच्याला माझ्या हाळीवर आईपाशी गेली. त्यांच्या लेखी माझी हाळी म्हंजी दूध."

चाळीस वर्षं मुंजाबा खांड घेऊन आला की पाठ टेकायचा. पाठीमागं काय चालतं ते त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग एकदम त्याला सुचलं, आणि ते कामाचं सुचलं. "बाजारातून घेतलेली अकरा हायेत ना. ती तुझ्या हाताखाली नाय वाढली."

"ती अकरा तुमी भाईर धरायची. अन् मेंढा बी. त्याचं डोकं रिकामं."

शुक्रवारी साहेब एक डाव पाहायला कबूल होऊन आले. डोळ्याला काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली, बरोबर तनुजा, तिचं तोंड उतरलेलं. तात्यासाहेबही आला होता. विहिरीचं त्याच्या जिवाला लागलं होतं, म्हणून तो पहिल्यांदाच मेंढरांच्या बाजूनं उभा होता. साहेबांनी आधी फुटलेली काच पाहिली. मग बानाबाईला वरून खाली पाहिलं आणि तनुजाला म्हणाले, "ह्या सांभाळणार?"

"मीच," बानाबाई म्हणाली. "मॅडमला कशाला इचारता, मी समोरच हाय ना."

मुंजाबा अकरा मेंढरं, मेंढा आणि शेळ्या घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागं बांधले होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं.

बानाबाईनं दार उघडलं आणि पाठीमागून हाकायच्या ऐवजी स्वतःच पुढं चालायला लागली. तोंडानं एकच हाळी, लांब आणि खालच्या सुरात, "येऽऽ हुर्रऽऽ, याऽऽ". खांड तिच्या मागं आत आलं. ओळीत पोचल्यावर ती हाळी थांबवून खाली बसली. मेंढरं आपापली पांगली आणि चरायला लागली. साहेब घड्याळात बघत राहिले. अर्ध्या तासात एका ओळीतलं गवत असं बसलं की न्हाव्यानं डोकं भादरावं. एक मेंढी खोलीकडं वळली. साहेब म्हणाले, "ते बघा, ते बघा!" बानाबाईनं बसल्या जागेवरून जिभेनं टक् केलं. मेंढी फिरली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

इथंच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्या दिवशी प्लेटा धुवायची पाळी होती, आणि ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माळाच्या वरच्या टोकाला दोन गड्यांनी पंप चालू केला. नळीला दाब आला आणि पाण्याचा फवारा फाडकन पहिल्या ओळीवर बसला. तिथं चरणारी मेंढरं उडालीच. ती उडाली तशी शेजारची उडाली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं खांड एका ओळीतून खाली सुटलं. खाली ट्रान्सफॉर्मरचा पिंजरा होता, आणि काम चालू असल्यामुळं त्याचं दार उघडं होतं.

"अडवा! अडवा!" साहेब ओरडले. मोतीराम काठी घेऊन धावला. तात्यासाहेब धोतर सावरत धावला. तनुजा दोन्ही हात पसरून धावली. जितकी माणसं धावली तितकी मेंढरं जोरात सुटली. कुंपणाबाहेर मुंजाबाचा उजवा हात सुटून खाली गेला, खड्यापर्यंत पोचलाही. त्यानं तो खडा मुठीत धरला आणि मूठ पुन्हा पाठीमागं नेली.

"ये गप बसा समदे!" बानाबाई अशी गरजली की पंपावरच्या गड्यानं पंपच बंद केला. "जागचं कुणी हलायचं नाय! साहेब, तुमी बी! उभं ऱ्हावा खांबावाणी!"

साहेब उभे राहिले. बाटलीसकट.

मग बानाबाईनं खांडाकडं पाठ फिरवली. मेंढरं खाली पळतायत आणि ही बाई वरच्या अंगाला चालायला लागली. घाई नाही, मागं वळून बघणं नाही. बाजारातून घरी निघाल्यासारखी. आणि चालता चालता हाळी द्यायला लागली. मघाची नव्हे. सांजच्याला कोकरं आयांकडं सोडताना द्यायची ती, बारीक, तुटक, "ऐ ऐ ऐ, लेऽऽ, ऐ ऐ ऐ". कुंपणाबाहेर जाळीत कोंडलेली कोकरं ती ऐकून एकदम बोंबलायला लागली. त्यांना वाटलं, दिवस मावळला.

पुढची मेंढी पिंजऱ्याच्या दारात पोचली होती. ती थांबली. तिचे कान फिरले. मागची तिच्यावर आदळली. मग तिनं अंग वळवलं आणि वरच्या दिशेनं निघाली, जिकडं बानाबाईची पाठ दिसत होती तिकडं. एक वळली, दहा वळली, सगळं खांड वळलं. पाणी उताराला लागावं तसं ते चढाला लागलं आणि बानाबाईच्या मागं ओळीनं चालायला लागलं. प्लेटा दोन्ही बाजूंनी आणि मधून ती बाई. एक खांब हलला नाही, एका काचेला ओरखडा गेला नाही.

तात्यासाहेब धोतराचा सोगा झटकत म्हणाला, "बाने, माझ्या कपाशीवरनं इतके साल नेलीस मेंढरं, तव्हा नाय केलं असं कधी."

"तव्हा मी वाड्यावर भाकरी थापत व्हते, तात्या. मेंढरं नेणारे हे भाईर उभे हायेत. इचारा त्यांना."

मुंजाबानं जाळीतून आत पाहिलं. मुठीतला खडा खाली टाकला आणि नाक शिंकरलं. मोतीरामला म्हणाला, "काय बघतोस? माझीच बायको हाय ती."

साहेब बानाबाईपाशी आले. "बाई, हे शिकवता येतं का दुसऱ्याला?"

"येतं. पण मेंढराच्या पहिल्या दोन महिन्यांत. नंतर नाय."

"किती दिवसांत सगळा माळ होईल?"

"पावसाळ्यापर्यंत होऊन पुन्हा पहिल्या ओळीला येईन. आमाला औषध नको, मशीन नको. लेंड्या पडतीन, त्या तुमी ठिवा." तिनं वरच्या पंपाकडं बोट केलं. "धुवायचं असंल तव्हा आदल्या दिवशी सांगायचं. अन् साहेब, कागद करायचा. मेंढरांना आत सोडायचा. माझ्या नावानं."

साहेबांनी तनुजाकडं पाहिलं. तनुजाचं उतरलेलं तोंड आता उजळलं होतं. ती म्हणाली, "करते सर. आजच करते."

आठ दिवसांनी कागद आला, आणि त्याच्याबरोबर गळ्यात अडकवायचा एक पास. त्याच्यावर बानाबाईचा फोटो. मोतीरामनं दारात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला, "श्रीमती बानाबाई मुंजाबा महानवर, चराई व्यवस्थापक." व्यवस्थापक म्हणजे काय, असं मुंजाबानं विचारलं. मोतीराम म्हणाला, "म्हंजी काका, तुमी तिच्या हाताखाली." मुंजाबानं त्याला आईवरून एक शिवी दिली, आणि अकरा मेंढरं घेऊन निमूट बाहेरच्या अंगाला गेला.

त्या उन्हाळ्यात महानवरांचा वाडा पुन्हा नदी ओलांडून गेला नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गावाबाहेर शेतकऱ्यांची जनावरं जिभा काढून उभी असायची, तेव्हा बानाबाईचं खांड प्लेटांच्या सावलीत रवंथ करत बसायचं. वर काचा ऊन पीत होत्या, खाली मेंढरं गवत खात होती, आणि उतारावर तात्यासाहेबाच्या विहिरीवरची मोटार भरदिवसा धो धो चालली होती. तिघांत कुणी कुणाच्या ताटातलं काढून घेत नव्हतं. तनुजानं मोजून सांगितलं की खालच्या ओळींची वीज आता दिवसभर पुरती येते. बानाबाई म्हणाली, "येणारच की. चरणारं जनावर कोणाचं हाय?"

कोकरू त्या उन्हाळ्यात एकही दगावलं नाही.

ही गोष्ट सोलरवाल्यांत पसरायला वेळ लागला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला वैजापूरकडचा एक धनगर आला. उमदा गडी, डोक्याला लाल फेटा, कमरेला मोबाईलचं पाकीट. त्यांच्याकडंही असाच सोलर झाला होता, आणि साहेबांनी त्याला बानाबाईकडं धाडलं होतं. तो मुंजाबापुढं बसला आणि म्हणाला, "काका, ती हाळी मला शिकवा. चार दिवस राहतो."

मुंजाबानं तंबाखू मळता मळता बोटानं नुसतं पलीकडं दाखवलं. तिथं बानाबाई एका कोकराला कासेला लावत होती. गडी जरा अवघडला, पण उठून तिच्यापाशी गेला. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

बानाबाईनं मान वर केली नाही. "तुमच्याकडं कोकरं कोण बघतं?"

"ती बाया बघत्यात. घरची."

"घरची म्हंजी कोण?"

"बायको."

"तिचं नाव काय?"

गड्याला हे कशाला ते कळलं नाही. "साळूबाई."

"तुमच्या खांडात किती हायेत?"

"एकशे ऐंशी."

"अन् त्यातली किती तिच्या हाताखाली वाढली?"

"समदीच की."

"मग मला कशाला इचारतोस?" बानाबाईनं कोकराच्या तोंडातून सुटलेला सड पुन्हा नीट धरून दिला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "जा माघारी. बस मिळंल अजून. तुझी मेंढरं वळवणारी बाई तुझ्याच घरात हाय. तिला घेऊन ये. दोन दिवसांत तयार करून धाडते. तू आला नायस तरी चालंल."